थेट उडी, नोकरी सांभाळून सुरुवात की मुदत बांधून प्रयोग? आपल्या भीतीला कोणता मार्ग लागू पडतो

मराठवाड्यात पगाराची नोकरी सोडायला माणूस घाबरतो, यात नवल काहीच नाही. घरची शेती कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. अशा घरात दर महिन्याला येणारा पगार एकट्याचा नसतो. त्यावर आईवडिलांची औषधं, लेकरांची फी आणि जूनमधलं बी-खत चालतं. वाळूजच्या कंपनीत किंवा लातूर-नांदेडच्या एखाद्या पतसंस्थेत काम करणाऱ्याला स्वतःचं काही सुरू करायचं असेल, तर त्याला नुसतं ‘हिंमत कर’ म्हणून भागत नाही. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. नोकरी सोडून थेट उतरायचं, नोकरी सांभाळून सुरुवात करायची, किंवा ठरावीक मुदत बांधून प्रयोग करून पाहायचा.

आमचं मत आधीच सांगतो. अंगात हिंमत किती आहे यावरून वाट निवडू नका. भीती कशाची आहे, यावरून निवडा. पैशाची भीती हिशेबाने उतरते, लोकांची भीती सरावाने उतरते, ‘जमेल का’ ही भीती छोटं काम करून पाहिल्याने उतरते. एका भीतीचं औषध दुसरीला लागू पडत नाही आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. लोकांना घाबरणारा माणूस वर्षानुवर्षं पैसे साठवत बसतो. पैशाची सोय नसलेला माणूस भाषणं ऐकून राजीनामा देतो.

आपली भीती कोणती?

स्वतःला दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर लिहा.

पहिला: दोन वर्षांचा पगार आज कोणी हातात ठेवला, तर पुढच्या आठवड्यात काम सुरू कराल का? उत्तर ‘हो’ असेल तर भीती पैशाची आहे. ‘तरी नको वाटतं’ असं असेल तर कारण दुसरंच आहे.

दुसरा: हेच काम ओळखीचं कोणी नसलेल्या गावात, समजा कोल्हापुरात करायचं असतं, तर सोपं वाटलं असतं का? ‘हो’ म्हणत असाल तर भीती लोकांची आहे. पाहुणेरावळे, भावकी, ‘एवढं शिकून डाळ विकतो का’ हे बोलणं, आणि मुलगा असेल तर ‘नोकरी नाही म्हणून लग्न जमणार नाही’ ही धास्ती. शेवटची धास्ती खोटी नाही. आपल्याकडे स्थळ बघताना नोकरी विचारतात, आणि लग्नाच्या वयातल्या मुलाने हे हिशेबात धरायलाच हवं.

दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर भीती स्वतःच्या कौशल्याची आहे. ही तिघींत सगळ्यात सोपी, कारण ती तपासता येते.

| | थेट उडी | नोकरी सांभाळून | मुदत बांधून |
|---|---|---|---|
| पैशाची भीती | वाढते | सगळ्यात लवकर उतरते | शिल्लक असेल तर आटोक्यात |
| लोकांची भीती | एकदम अंगावर येते | लपायला जागा मिळते, म्हणून रेंगाळते | मुदत सांगता येते, म्हणून सोसते |
| ‘जमेल का’ ही भीती | उत्तर महागात पडतं | स्वस्तात उत्तर मिळतं | चांगलं उत्तर मिळतं |
| मुख्य धोका | शिल्लक संपणं | कायम ‘पुढच्या वर्षी’ | मुदत वाढवत राहणं |

नोकरी सांभाळून

सगळ्यात जास्त लोकांना लागू पडणारी वाट हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की आधी नोकरी ठेवून धंदा चालवणाऱ्या आणि नंतर पूर्णवेळ उतरणाऱ्या लोकांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. तिथली बाजारपेठ वेगळी, पण कारण इथेही तेच. पगार चालू असताना केलेल्या चुका झेपतात.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे सैन्यात शिपाई म्हणून भरती झाला आणि धावणं त्याने सैन्यात असतानाच, २०१५ नंतर, गंभीरपणे घेतलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवलं. पोटाची सोय आणि स्वप्न एकाच छताखाली बसवता येतात का, हे प्रत्येकाने आधी बघावं.

आता एक उदाहरण जवळून पाहू. पगार २२,००० रुपये, आणि स्वप्न स्वतःच्या नावाने तूरडाळ विकण्याचं. पहिलं पाऊल गिरणी विकत घेण्याचं नाही. मोंढ्यातून १ क्विंटल तूर घ्या, ओळखीच्या डाळमिलमधून मजुरीवर डाळ करून घ्या आणि १ किलोच्या पिशव्या भरा. आकडे समजण्यापुरते धरू: तूर ७,५०० रुपये, भरडाई-हमाली-भाडं ६००, डाळ निघाली ७० किलो, पिशव्या ४ रुपयांप्रमाणे २८०. एकूण ८,३८०. त्यातून चुनी-कोंडा २४ किलो २० रुपयांनी गेला तर ४८० वजा, म्हणजे ७,९०० रुपये खर्च. डाळ १४० रुपये किलोने विकली तर ९,८०० आले. क्विंटलमागे १,९०० रुपये उरले.

पगाराएवढे २२,००० सुटायला महिन्याला १२ क्विंटल तूर लागेल, म्हणजे ८४० किलो डाळ. पाच माणसांचं घर महिन्याला ३ किलो डाळ खातं असं धरलं, तर कायमची २८० घरं हवीत. ‘धंदा चालेल का’ या धूसर भीतीच्या जागी आता नेमका प्रश्न आला: २८० घरं कुठून आणायची? कॉलनीतली ४०, ऑफिसातली १५, दोन खानावळी, एक वसतिगृह, असं मोजता येतं. जे मोजता येतं, त्यासाठी रात्री जागावं लागत नाही.

नेमकं बिघडतं कुठे, तेही याच पहिल्या क्विंटलमध्ये कळतं. तुरीला तेल-पाणी लावून नीट वाळवली नाही, तर साल सुटत नाही, डाळ फुटते आणि उतारा घसरतो. ७० ऐवजी ६० किलोच निघाली, चुनी वाढून ३४ किलो झाली, तर वरच्याच भावांत क्विंटलमागे १,९०० चे ७४० रुपये होतात. ओलसर डाळ पिशवीत बंद केली तर बुरशी आणि सोंडे लागतात, आणि एका गिऱ्हाइकाच्या पिशवीत सोंडा निघाला की सगळ्या गल्लीत बातमी जाते. म्हणून सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत करावी. नवी तूर मोंढ्यात येत असते आणि वाळवायला पुढे ऊन असतं. पावसाळ्यात केलेला पहिला प्रयोग फसला, तर दोष हवेचा असतो आणि माणूस तो स्वतःच्या माथी घेतो.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा नोंदणी हवी. पिशवीवर मालाचं नाव, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. राज्यातच माल विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे स्वतःचं यंत्र बसवायचं झालं, तर शेतीपंपाच्या वीजजोडणीवर ते चालवता येत नाही, वेगळी जोडणी घ्यावी लागते. गावाकडे हे विसरून दंड भरणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट तपासा. सरकारी कर्मचाऱ्याला १९७९ च्या नागरी सेवा वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. बायकोच्या नावावर दाखवून स्वतः चालवणं ही पळवाट चौकशीत टिकत नाही. खासगी नोकरीत नेमणूकपत्र काढून वाचा, दुसऱ्या कामाला मनाई करणारी अट बऱ्याचदा शेवटच्या पानावर असते.

या वाटेचा खरा शत्रू म्हणजे थकवा. आठ-दहा तासांची पाळी करून आल्यावर रोज संध्याकाळी काम होत नाही. आठवड्यातले दोन ठरलेले वार आणि रविवारची सकाळ एवढंच धरा. ‘वेळ मिळेल तेव्हा’ म्हटलं की वेळ मिळत नाही. ‘गुरुवारी जेवण झालं की लगेच पिशव्या भरायच्या’ असं वेळ आणि जागा ठरवून लिहिलं, तर काम होण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं संशोधन हेच सांगतं. आणि ज्याची भीती लोकांची आहे, त्याने सावध राहावं. ही वाट त्याला आडोसा देते. तो तीन वर्षं गुपचूप पिशव्या भरत राहतो, पण दुकानावर पाटी लावत नाही.

थेट उडी

थेट उडीची भलामण आम्ही क्वचितच करतो. तीन परिस्थितींत मात्र ती बरोबर असते.

एक, स्वप्नाला वयाची अट असेल. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या प्रवर्गात वयोमर्यादा ३२ आणि प्रयत्न ६ आहेत. खेळ, सैन्यभरती, काही शिक्षणक्रम यांचंही तसंच. दोन, कामच असं असेल की अर्ध्या वेळेत होत नाही: हॉटेल, दूध संकलन, रोपवाटिका. तीन, नोकरीच माणसाला आजारी पाडत असेल.

उडी मारायचीच असेल तर शिल्लक आधी मोजा. घरखर्च हप्त्यांसह महिन्याला १८,००० असेल, तर १२ महिन्यांचे २,१६,००० आणि दवाखान्यासाठी बाजूला ५०,०००, असे २,६६,००० रुपये हवेत. धंद्याचं भांडवल याच्यात मिसळायचं नाही. शेतीचं उत्पन्न या हिशेबात शून्य धरा. आलं तर आलं.

राजीनाम्याची तारीख ठरवताना नोकरीची वर्षं बघा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग ५ वर्षं लागतात. चार वर्षं आठ महिने झाली असतील तर चार महिने कळ काढा. भविष्यनिर्वाह निधी मोडू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर करही लागू शकतो. पगार २१,००० च्या आत असेल आणि कामगार विम्यात असाल, तर नोकरीबरोबर ते कवच जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं कुटुंब बसतं का आणि जवळचं कोणतं रुग्णालय यादीत आहे, हे राजीनाम्याआधी विचारून घ्या.

कर्जाबद्दल आमचं मत ठाम आहे. पहिल्या कर्जासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवू नका. मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिशू गटात ५०,०००, किशोर गटात ५ लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. इथे लोकांचा हमखास गैरसमज होतो. अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. ते भांडवल समजून खर्च आखला तर सहाव्या महिन्यात हप्ता थकतो. अर्जापूर्वी योजना आणि तिचे चालू निकष जिल्हा उद्योग केंद्रात विचारा.

मुदत बांधून प्रयोग

सहा ते बारा महिने पूर्णवेळ द्यायचे, आणि थांबायची अट सुरू करण्याआधी लिहून ठेवायची. ज्याची भीती लोकांची आहे, त्याला ही वाट सगळ्यात जास्त मानवते, कारण घरी आणि पाहुण्यांत सांगायला सोपं जातं: ‘मार्चपर्यंत करून बघतो, नाही जमलं तर परत नोकरी धरतो.’ बापाला ‘नोकरी सोडली’ हे ऐकायला जड जातं. तारखेसकट सांगितलेली योजना तेच वडील ऐकून घेतात.

अट आकड्यात हवी. ‘चांगला प्रतिसाद मिळाला तर’ ही अट नव्हे. ‘सहाव्या महिन्यात १०० कायमची घरं झाली नाहीत तर थांबायचं, शिल्लक ९०,००० च्या खाली गेली तर त्याच दिवशी नोकरी शोधायची’ ही अट. कागदावर दोघांच्या सह्या करा, तुमची आणि घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्याची. मुदत संपताना ‘अजून दोन महिने’ असं मन म्हणणारच. मुदत फक्त एकदा, आणि तीही आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत पोचला असाल तरच वाढवायची. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आपल्या भागातल्या मुलामुलींची जी वर्षं जातात, ती अभ्यास कमी पडल्याने जात नाहीत, थांबायची तारीख कोणी लिहिलेली नसते म्हणून जातात.

या मुदतीचा पहिला महिना शिकण्यात घालवणं फायद्याचं. प्रत्येक जिल्ह्यात बँकांच्या पुढाकाराने चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, तिथे राहून मोफत शिकता येतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरात मुख्यालय असलेलं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, या दोन्ही जागा खाद्यप्रक्रियेत उतरणाऱ्याने एकदा तरी बघाव्यात.

कोणतीही वाट घ्या, भीतीचा सराव वेगळा करावा लागतो

लोकांच्या भीतीला पुरवठा टाळाटाळीचा होतो. गिऱ्हाइकाला फोन करायचा टाळला की बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच मनाला टाळायला शिकवतं. म्हणून पायऱ्या करून त्याच भीतीला सामोरं जायचं. कागदावर सात-आठ प्रसंग लिहा आणि प्रत्येकाला ० ते १०० भीतीचे गुण द्या. उदाहरणार्थ, शेजारच्या काकूंना डाळ दाखवणं २०, ऑफिसातल्या मित्राकडून पैसे घेणं ३५, अनोळखी खानावळीत विचारणं ५०, आठवडी बाजारात गाठोडं सोडून बसणं ७०, नातेवाइकांच्या लग्नात ‘मी डाळीचा धंदा करतो’ असं सांगणं ८५.

सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरुवात करा. प्रसंगात असतानाच भीती साधारण निम्म्यावर येईपर्यंत तिथून निघू नका, मग पंधरा मिनिटं लागोत की तासभर. घाबरून मध्येच निघालात तर पुढच्या वेळी ती आणखी मोठी होते. एकच पायरी तीन-चार वेळा करा, वेगवेगळ्या दिवशी. मित्राला बोलायला पुढे करणं, फोनमध्ये तोंड घालून बसणं, भाव मुद्दाम कमी सांगून सुटका करून घेणं, या सगळ्या आडवाटा. त्यांनी काम उरकतं, भीती तशीच राहते. खालच्या पायऱ्या सोडून थेट बाजारात बसणारा बहुतेक वेळा पुन्हा बसत नाही.

अल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून दाखवलेल्या कामातून येतो, त्याखालोखाल आपल्यासारख्या माणसाने केलेलं बघून. दुसऱ्याच्या शाब्दिक धीराचा असर त्यापेक्षा कमी. म्हणून प्रेरणेच्या व्याख्यानाला जाण्याऐवजी आपल्याच तालुक्यात तेच काम करणाऱ्याच्या दुकानात दोन दिवस बसावं. उधारी कशी वसूल करतात, सणाला माल किती उचलतात, बिघडलेला कट्टा कोण परत घेतो, हे तिथे दिसतं.

धडधड, घाम, श्वास अडकणं असे झटके वारंवार येत असतील, झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, तर पायऱ्यांचा हा सराव एकट्याने करू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बायकांसाठी हिशेब थोडा बदलतो

घर सांभाळणाऱ्या बाईला राजीनाम्याचा पर्याय नाही आणि रजाही नाही. तिच्यासाठी थेट उडी जवळपास बाद, आणि मुदतीची वाट घरातल्या कामांची वाटणी झाल्याशिवाय खोटी. आधी ठरवा: सकाळी ११ ते २ स्वयंपाकघरात कोण बघेल, लेकराला शाळेतून कोण आणेल, परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे. तालुक्याच्या बाजारातून संध्याकाळी परत यायचा प्रश्न सुटला नाही म्हणून बंद पडलेली चांगली कामं आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्याला बाईची भीती म्हणणं अन्याय आहे.

बचत गटातून सुरुवात केली तर दोन भीती एकदम कमी होतात. भांडवल वाटलं जातं, आणि बाजारात एकटीला बसावं लागत नाही. खाद्यप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे, त्याची चौकशी उमेदच्या, म्हणजे बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या अभियानाच्या, तालुका कक्षात करावी. मात्र गटाचं खातं आणि घरचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. विक्रीचे पैसे घरच्या खात्यात आले की ते किराण्यात जातात, आणि तिसऱ्या महिन्यात तूर घ्यायला पैसे उरत नाहीत.